सल्ला सदर: रडू येईना, आणि आलं तर थांबेना

पत्राचा सारांश (नाव-गाव काढून): लातूर जिल्ह्यातली 21 वर्षांची मुलगी. युवक महोत्सवासाठी कॉलेजची एकांकिका बसतेय, किल्लारीच्या भूकंपावर, आणि हिला त्यात साठीच्या म्हातारीचं काम मिळालंय. म्हातारी पहाटे ढिगाऱ्यात नातीला शोधते असा मुख्य प्रसंग. हिच्या स्वतःच्या घरातली एक आत्या त्या भूकंपात गेली, तेव्हा 7 वर्षांची होती. हिने तिला अर्थात कधी पाहिलेलं नाही. आजी आहे, आज 67 वर्षांची. डायरेक्टर सर म्हणतात, "आत्याला आठव, आतून येऊ दे." पहिल्या आठवड्यात भरपूर रडू आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकदा तर थांबेचना, रात्रभर झोप नाही, नुसती छताकडे बघत पडली. आता तीन आठवड्यांनी डोळे कोरडे ठक्क. विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकून आलेला एक सिनियर दादा म्हणतो, "भावना सोड, श्वास मोज, टेक्निकनं कर." तसं केलं की हिला स्वतःलाच खोटं वाटतं. प्रयोगाला 16 दिवस राहिलेत. नाटक कशावर आहे ते आजीला अजून सांगितलेलं नाही, आणि आजी म्हणते मी बघायला येणार. प्रश्न एका ओळीचा: "ताई, खरं रडू का खोटं रडू?"

अगं बाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न तू अभिनयाचा विचारलायस पण पत्रात आजी सहा वेळा आलीय आणि त्या नाटकातली म्हातारी फक्त दोनदा, मी मोजलं. आजीकडे मी शेवटी येते. आधी रडण्याचं बघू, कारण 16 दिवस म्हणजे काही फार नाहीत, त्यातले दोन-तीन तर लाईट आणि नेपथ्याच्या भानगडीत जातीलच.

पत्रासोबत तू स्क्रिप्टच्या एका पानाचा फोटो पाठवलायस ना, तो पुन्हा काढून बघ. लेखकानं कंसात काय लिहिलंय? "म्हातारी दगड उचलते. नातीची एक चप्पल सापडते. दुसरी शोधायला लागते." बस. रडते असं कुठंच लिहिलेलं नाही. रडणं तू आणि तुझ्या सरांनी वरून घातलंय आणि आता ते येत नाही म्हणून तू हैराण. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तिथंच खरा घोळ झाला असं मला वाटतं, कारण त्या दिवसापासून तू चप्पल शोधायची सोडलीस आणि कालचं रडू शोधायला लागलीस. कालचं रडू सापडत नसतं कुणालाच. डोळे कोरडे झाले म्हणजे तू दगड झालीस असं काही नाही, एकच जखम रोज संध्याकाळी सहा वाजता उघडली तर शरीर आपलं आपण दार लावून घेतं. शहाणं असतं ते.

मी त्या वर्षी, म्हणजे 1993 ला, कॉलेजात होते. भूकंप झाला 30 सप्टेंबरला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोकं विसर्जन करून दमून झोपलेली. जवळपास 10 हजार माणसं गेली, लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मिळून 52 गावं पार आडवी झाली. दिवाळीनंतर आम्ही पोरंपोरी मदतीचं सामान घेऊन पत्र्याच्या शेडमधे गेलो होतो. तिथं एक बाई ज्वारी निवडत बसलेली. आमच्यातल्या एका आगाऊ पोरानं विचारलं, मावशी तुमचं कोण कोण गेलं. ती सांगायला लागली, अगदी वाण्याची यादी सांगावी तसं. सासरा, जाऊ, जावेची दोन पोरं, थोरली लेक. डोळ्यात टिपूस नाही, सुपातले खडे बाजूला काढणं चालूच. मग म्हणाली "आन् धाकला", आणि बोटं सुपात थांबली. फार नाही, दोन श्वास असतील. परत खडा उचलला, बाजूला टाकला आणि आम्हालाच विचारलं, "तुमी जेवलाव का?" आम्ही सगळे बाहेर येऊन ढसाढसा रडलो. ती नाही रडली.

आता मला सांग, त्या बाईचं काम तुला करायचं असतं तर तुझ्या सरांच्या पद्धतीनं "आतून येऊ दे" म्हणून जमलं असतं का? का दादाच्या पद्धतीनं बोटं दोन श्वास थांबवायची, एवढं मोजून? नुसतं आतून काढलंस तर सुपावर डोकं ठेवून रडशील, आणि ती बाई गेली. नुसते दोन श्वास मोजलेस तर बोटं थांबतील पण रिकामी थांबतील, आणि हे प्रेक्षकाला लगेच कळतं, त्याला शब्दात सांगता येत नसलं तरी. बोटं थांबायची जागा पक्की ठरवायची, हे टेक्निक. पण त्या दोन श्वासात "धाकला" म्हणजे कोण, तो कुठल्या कुशीला झोपायचा, रात्री पाणी मागायचा का, हे तुझ्या डोक्यात भरलेलं पाहिजे, ही भावनेची बाजू. दोन्ही एकाच क्षणात लागतात, आधी हे मग ते असं होत नाही.

म्हणून सर आणि दादा यांच्यात तू कोणाची बाजू घेऊ हा प्रश्नच मला पटत नाही. दोघंही अर्धं अर्धं बरोबर सांगतायत आणि दोघांचं अर्धं अर्धं जुनं झालंय (राग नको). सर ज्याला इमोशनल मेमरी म्हणतात, म्हणजे स्वतःचं जुनं दुःख आठवून भावना आणायची, ती रशियाच्या स्तानिस्लावस्कीच्या नावावर खपते, हाच तो मॉस्को आर्ट थिएटरवाला. पण त्यानं स्वतः म्हातारपणी तो रस्ता बराच मागे टाकला आणि शारीरिक कृतींवर आला, म्हणजे पात्र नेमकं काय करतंय ते पक्कं करा, करताना भावना आपोआप येते. अमेरिकेची नटी स्टेला अॅडलर 1934 ला त्याला पॅरिसमधे भेटली, त्याच्यासोबत काम केलं आणि परत जाऊन सांगितलं की तो आता आठवणी उकरण्यापेक्षा प्रसंगावर आणि कल्पनेवर जोर देतो. तिकडच्याच ली स्ट्रासबर्गला, तो पण अभिनय शिकवायचा, ते पटलं नाही, त्यानं आठवणींचंच पुढं चालवलं. पण तो स्ट्रासबर्गसुद्धा सांगायचा की वापरायची तर किमान 7 वर्षं जुनी आठवण वापरा, ताजी जखम नको. तुझ्या सरांनी हे शेवटचं वाक्य कुठल्याशा वर्कशॉपमधे ऐकायचं राहून गेलं असणार.

आता तू म्हणशील की ताई, आत्याची गोष्ट तर तीस वर्षांहून जुनी आहे. हो, पण ती तुझी आठवण कुठंय? आठवण आजीची आहे. तू आत्याला पाहिलेलं नाहीस, तिचा आवाज ऐकलेला नाहीस, तुला मिळालंय ते घरातलं गप्प बसणं, भिंतीवरचा फोटो असेल तर तो, आणि तीस सप्टेंबरला आजी जेवत नाही वगैरे. तुझ्या त्या रात्रभर न थांबलेल्या रडण्यात आत्या किती होती आणि आजीची भीती किती होती ते तूच बघ. शिवाय अजून एक, नाटकातली म्हातारी साठीची आहे आणि तुझी आजी तेव्हा पस्तिशीची होती. ती म्हातारी म्हणजे तुझी आजी नाहीच. ही वेगळी बाई आहे, तिचे गुडघे वेगळे आहेत, तिला सून आवडत नसेल कदाचित. आजीला तिच्यातून बाहेर काढ, दोघींनाही मोकळं वाटेल.

दादाचं पण सांगते. टेक्निक म्हणजे खोटं, असं तू धरून चाललीयेस, ते आधी सोड. आपल्या नाट्यशास्त्रात भरतानं अभिनय चार प्रकारचा सांगितलाय, आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. म्हणजे अंग, वाणी, वेशभूषा-रंगभूषा, आणि चौथ्यात घाम, रोमांच, कंप, आवाज फुटणं, अश्रू हे सगळं. अश्रू त्यानं अभिनयातच धरलेत बघ, अभिनयाच्या बाहेरची कसली दैवी देणगी म्हणून नाही. आणि ते सत्त्व येतं कुठून तर मन एकाग्र झाल्यावर येतं म्हणतो. दुःखी झाल्यावर म्हणत नाही. दादानं हे परीक्षेत लिहिलं असेल, पण तुला सांगताना फक्त "श्वास मोज" एवढंच सांगितलं. नुसतं मोजून काय होतं माहितीये ना, स्पर्धेचा आवाज होतो. तो सगळ्यांना पाठ आहे, "बाळाऽऽ" करून एक हात वर, एक छातीवर. तुला खोटं वाटतंय ते त्याच्यामुळं, आणि तुझं वाटणं बरोबर आहे.

माझी एक फजिती सांगते. पंचवीस वर्षांची असताना एका एकांकिकेत मी पण म्हातारी केली होती. तेव्हा सुरकुत्या तपकिरी पेन्सिलनं काढायचे. मी प्रयोगात एवढी रडले, एवढी रडले की गालावरच्या सुरकुत्या धुऊन निघाल्या, पदरानं पुसल्या त्या वेगळ्याच. शेवटच्या प्रवेशात केस पांढरे आणि तोंड कवळ्या पोरीचं. पहिल्या रांगेतली पोरं हसायला लागली आणि मला वाटलं माझं दुःख बघून कुणीतरी हसतंय, म्हणून अजून रडले. नाक गळायला लागलं, एक वाक्य सुटलं, समोरच्या नटानं माझं वाक्य पण म्हणून टाकलं. परीक्षकांनी कागदावर लिहिलं होतं, "शब्द पोचले नाहीत." मला कित्येक महिने वाटायचं की त्यांना काळीजच नाही.

शब्द पोचण्याचं जरा नीट सांगते कारण ते तुझ्या कामाचं आहे आणि कुणी सांगत नाही. आपल्या मराठीत वाक्याचा जीव बहुतेक वेळा शेवटी असतो, क्रियापदात, आणि त्याच्याही मागं "नाही" असतं. तुझं वाक्य आहे, "दुसरी कुठंच घावली नाही." हुंदका कुठं येतो? श्वास संपत आल्यावर, म्हणजे वाक्याच्या शेवटी. म्हणजे हुंदक्यानं नेमकं "नाही" गिळलं जातं आणि मागच्या रांगेला ऐकू येतं, दुसरी कुठंच घावली. पार उलटा अर्थ. म्हणून हुंदका येणार असेल तर त्याला वाक्याच्या आधी जागा दे, "दुसरी" म्हणायच्या आधी श्वास अडकू दे, आणि "नाही" स्वच्छ पडू दे. पोटातून श्वास घेऊन म्हण. तालमीत एका मैत्रिणीला शेवटच्या रांगेत बसव, ज्या वाक्याचा शेवट ऐकू येत नाही तिथं तिनं नुसता हात वर करायचा. दोन दिवसात सुधारतं हे, खरंच.

बरं आता दोन्ही एकत्र कसं करायचं. पैठणला नाथषष्ठीला मी एक भारूडवाला बघितलाय, वाळवंटात माणसांचा समुद्र आणि हा विंचू चावल्याचं भारूड करतोय. विंचू चावला आणि तो जो काही तडफडला, अंग वाकडं, आवाज चिरका, माझ्या शेजारची पोरगी घाबरून आईला चिकटली. आणि तेवढ्यात मी बघितलं, गिरकी घेता घेता त्यानं डावा पाय उचलला आणि माईकच्या वायरीच्या पलीकडं ठेवला. विष चढतंय आणि वायर पण दिसतेय. नंतर चहाच्या टपरीवर गाठून विचारलं, तुम्हाला खरंच काही होतं का हो आतून. तो म्हणाला, "व्हतंय की. एका पायाला इच्चू चावलाय, दुसऱ्याला वायर दिसती. दोनी पाय माजेच हायत ना ताई." आणि माझ्या हातातला बिस्किटाचा पुडा घेतला.

तू एक वही घे. उजव्या पानावर नुसत्या कृती लिही, क्रियापदांत. "दगड हलवते. हलत नाही. खालची माती ओंजळीनं काढते. कापड लागतं, ओढते. चप्पल निघते, झटकते. जमिनीवर ठेवते, जिथं जोडी ठेवतात तिथं. शेजारची जागा चाचपते." डाव्या पानावर प्रत्येक कृतीपुढं म्हातारीला तेव्हा काय पाहिजे ते. चप्पल झटकताना तिला काय पाहिजे? मी तुझ्या जागी असते तर लिहिलं असतं, "नातीनं चप्पल उंबऱ्याच्या आत घातली म्हणून रागावायचंय." राग, दुःख नाही. मग शेजारची रिकामी जागा चाचपताना काय होतं ते तुझं तुला बघायला मिळेल. तिथं तू काहीही ठरवू नकोस, फक्त हात कुठं थांबणार तेवढं ठरव.

पहिले चार-पाच दिवस हा प्रसंग बिनशब्दांचा कर. नुसत्या कृती. वजन खरं पाहिजे हं, थर्माकोलचा दगड असला तरी. त्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, दोन दोन फूट जाड, आणि वर माळवद, लाकडावर मातीचा हा एवढा थर. तेच सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. घरी विटा, पोती, काहीतरी जड खरोखर उचलून बघ, कंबर कुठं धरते, श्वास कुठं तुटतो, आणि तेच साठीचे गुडघे घेऊन करायचं. मातीच्या धुरळ्यानं घसा कोरडा पडतो, तर खोकल्याची एक जागा ठरव, आवाज घोगरा करायला गळा आवळत बसू नकोस नाहीतर प्रयोगाच्या दिवशी आवाजच बसलेला असेल. मग पुढचे दोन-तीन दिवस शब्दांसकट, पण नियम असा की रडायला बंदी. डोळ्यात पाणी आलं तरी म्हातारीनं ते येऊ द्यायचं नाही, तिला दिसलं पाहिजे ना, चप्पल शोधायचीय. खऱ्या आयुष्यात माणूस रडू आवरायलाच बघत असतो, नट तेवढा ते आणायला बघतो. ही बंदी पाळून बघ आणि काय होतं ते मला कळव.

आणि कल्पना वाढव, आठवणीच्या ऐवजी. ती नात तू बनव. नाव दे तिला, तुझ्या आत्याचं सोडून दुसरं कुठलंही. तिला कुठली भाजी आवडत नाही, चप्पल कुठल्या बाजारातून आणली, नवी होती का, विसर्जनाला घालून गेली होती का. हे सगळं तुझं बनवलेलं असेल तर रोज वापरलं तरी आटत नाही, कमी पडलं तर नवीन बनवता येतं. आजीच्या दुःखात तसं करता येत नाही.

एक राहिलं, बाहेर यायचं कसं. तालीम संपली की लगेच मोबाईल काढायचा नाही. लुगडं सोड, तोंड धू, चप्पल प्रॉपर्टीच्या पेटीत स्वतःच्या हातानं ठेव, आणि सगळ्यांनी एकमेकांना खऱ्या नावानं हाक मारून चहा घ्या. खुळचट वाटेल, पण ती छताकडं बघायची रात्र परत नको असेल तर रोज कर. आणि तरी झोप उडालीच, चार-पाच रात्री सलग, तर ते अभिनयाचं राहिलेलं नाही, घरात कुणाशी तरी नाहीतर डॉक्टरांशी बोल, लाजू नको.

सरांना काय सांगायचं? भांडू नको, स्पर्धेच्या तोंडावर डायरेक्टरशी भांडून कुणाचं भलं झालेलं नाही. एवढंच म्हण, "सर, आत्याचं नाव तालमीत काढू नका, बाकी तुम्ही सांगाल ते करते." तेवढं त्यांनी ऐकलं नाही तर माझं नाव सांग. वही दाखव त्यांना. बहुतेक डायरेक्टरला नटानं वही केली की बरं वाटतं.

आता आजी.

तिला आज-उद्याच सांग, नाटक कशावर आहे ते. प्रयोगाच्या दिवशी खुर्चीत बसल्यावर कळणं हे फार वाईट, तुला पण ते माहितीये म्हणून तर सहा वेळा लिहिलंस. ती भाजी निवडत असेल, वाती वळत असेल तेव्हा शेजारी बस, हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं. "तुला तेव्हा कसं वाटलं" असं टीव्हीवाल्यासारखं विचारू नको. घर कसं होतं विचार. दार कुठल्या तोंडाला होतं, चूल कुठं होती, माळवदावर काय वाळत घालायचीस. तिला पुढं जायचं असेल तर ती जाईल, नाही गेली तर तू "बरं" म्हण आणि तिच्यासोबत वाती वळ. त्यातलं नाटकात काही घ्यायचं असलं, अगदी एवढीशी गोष्ट, तरी विचारून घे. "नको" म्हणाली तर नको.

यायचं का नाही ते तिचं तिला ठरवू दे, घरच्यांना मधे पडू देऊ नको. आली तर दाराजवळची कडेची खुर्ची दे, शेजारी तिच्या ओळखीचं कुणीतरी बसू दे, मधेच उठून जावं वाटलं तर जाता यावं. आणि तुमच्या नाटकात सुरुवातीला अंधार करून तो गडगडाटाचा आवाज वाजवणार असतील, वाजवतातच सगळे. तो आवाज केव्हा येणार, किती वेळ चालणार हे तिला आधी सांगून ठेव, जमलं तर घरी मोबाईलवर बारीक आवाजात ऐकव. साऊंडवाल्या पोराला पण आत्ताच गाठ आणि त्या दिवशी बटण अर्ध्याच्या वर न्यायचं नाही म्हणून सांग. ऐनवेळी ही पोरं कुणाचं ऐकत नसतात.

तुझी,
ताई